उलथन्याचा डाग

आई,

आज तुमच्या धाकटीकडून, माझ्या नणंदेकडून, पुडकं आलं. शेरभर कुळथाचं पीठ, आमसुलं, माझ्यासाठी एक सुती साडी, आणि कपाट आवरताना सापडलेली माझ्या जबड्याची एक्स-रे प्लेट. कुरियरला तिने एकशे दहा रुपये घातले, तेवढ्यात मी जाऊन घेऊन आले असते. प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. ही तुम्हाला तेव्हाच दाखवायला हवी होती.

धाकटीला तुम्ही आमच्याकडे भाईंदरला पाठवलंत ते एका अटीवर. "मारामारीची एक गोष्ट कानावर आली, की पोर पहिल्या गाडीनं परत. चिपळूणचं स्थळ काय पळून जात नाही." काशीमीऱ्याला हायवेलगतच्या दवाखान्यात तिला एक्स-रे काढायची नोकरी लागली होती. संध्याकाळी आली की ओट्याला टेकून चहा पीत ती सगळा दिवस माझ्यापुढे ओतायची. "वहिनी, आज एका ट्रकवाल्याच्या दोन बरगड्या मोडल्यात, आणि मलाच विचारतोय, मॅडम, फोटो में हँसना है क्या?" एकदा रिक्षावाल्याने जास्त भाड्यासाठी हायवेवर मधेच उतरवलं, तर ही बया त्याची चावी काढून घेऊन चालू लागली, तो हात जोडत मागे. मी मॅट्रिक झाले आणि थेट चुलीपुढे आले. तिच्या नोकरीत अर्धी मी होते, आई.

त्या उन्हाळ्यात भाईंदरात गोडदेवला आमच्या बिल्डिंगला टँकरचं पाणी होतं. गुरुवार होता, मला उपास. धाकटी कामावर जायच्या कपड्यांत रांगेत उभी. पाइप धरणारा माणूस ओळखीच्यांना आधी देत होता, म्हणून हिने पाइपाला हात घातला. त्याने तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि ओढली. "बड़ी आई मॅडम! ये तेरा हॉस्पिटल है क्या?" ती गुडघ्यांवर आली. माझ्या हातात अर्धी भरलेली पितळी कळशी होती. ती मी त्याच्या मनगटावर आणली. एकदा नाही, तीनदा. तोंडात नामस्मरण चालू होतं, ते थांबलं नाही. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला, तरी मी थांबले नाही. मग त्याने डाव्या हाताने पाइपाचं लोखंडी तोंड फिरवलं ते माझ्या गालफडावर. दोन दाढा जिभेवर आल्या.

तासाभराने आम्ही दोघं धाकटीच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसलो होतो. मी तोंडाला पदर लावून, तो मनगट छातीशी धरून. धाकटीने दार उघडलं तसा तो अंग चोरत म्हणाला, "बहनजी, पहले आप." दुखत असूनही मला हसू फुटलं आणि रक्त साडीवर सांडलं.

दोन दिवसांनी तुम्ही न कळवता आलात. माझा गाल काळानिळा, एक डोळा मिटलेला. "कोणी मारलंन गो तुला?" मी म्हटलं, मोरीत पाय घसरला. आमच्या मजल्यावर नवऱ्याचा मार खाणारी प्रत्येक बाई हेच सांगायची, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तुम्ही देवापुढे दिवा लावून पुन्हा विचारलंत. मी दिव्याकडे न बघता तेच सांगितलं. तुम्ही माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलंत आणि भाकऱ्या करायला बसलात.

हे कामावरून आले, पाय धुऊन आत आले. तव्यावरचं उलथनं तुम्ही तसंच त्यांच्या दंडावर मारलंत. कातडी चरचरली. "बायकोवर हात टाकतोस? माझ्या पोटात असलं वाढलं?" दुसरा, तिसरा. धाकटी पुढे व्हायला लागली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली. "चुकलो, आई."

धाकटीची नोकरी राहिली. ह्यांचा डाग अजून आहे, अर्ध्या बाहीच्या सदऱ्यातून दिसतो. तुम्ही पुढे त्यांच्याशी कामापुरतंच बोललात. तुमच्या शेवटच्या दिवशी ते चमच्याने पाणी घालायला वाकले, तुम्ही तोंड फिरवलंत. "तिच्या हातचं दे." मी दिलं. चमचा त्यांच्याच हातातून घेऊन दिलं.

तोवर धाकटीचं लग्न होऊन गेलं होतं, तिला परत नेणारं कोणी उरलं नव्हतं. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं, त्याचं कारण आज लिहिते. माहेरी मार खाल्ला तेव्हा कोणी मधे पडलं नाही. माझ्यासाठी कोणी हात उचलला, तो त्या एका संध्याकाळी, तुम्ही. तो दिवस मला परत द्यायचा नव्हता.

ह्यांनी मला कधी बोटही लावलं नाही, आई.

हे पत्र कुठे टाकणार? प्लेटबरोबर देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवते. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचतायत, त्यांना वाचून दाखवायचं धाडसही माझ्यात नाही. तेव्हा तुम्हीच उलट टपाली दोन शब्द पाठवा. माझ्या नावाने नको. ह्यांच्या नावाने पाठवा.