काल पूल, आज कपाट

मंगळवार, संध्याकाळ

नातीच्या कार्टूनने आज डोकं फिरवलं. त्यातल्या उडणाऱ्या वीराने काल अख्खा पूल खांद्यावर पेलला. आज अंगावर साधं कपाट पडलं, तर उठता येईना! मी ओरडलो, "काल पूल उचलला, मग आज कपाट काऊन नाही?"

"आबाजी, गोष्ट आहे ते."

गोष्ट झाली म्हणून काहीही?

बाजेवरून बायको हसली. "कायले चिडून राहिले जी? काल मले उचलून खुर्चीवर बसवलं. आज शेजारणीले बोलवा लागलं ना?"

तिच्या कंबरेचं हाड मोडल्यापासून मीच उचलतो. आज हातच उठेनात. पण कपाट... एवढंसं कपाट!

तो उद्या पुन्हा पूल उचलेल, कोणी विचारणार नाही. मला सकाळी सहाला तिला उचलायचं आहे.