बाबा का प्यायचे

प्रिय ताई,

मी बरा आहे, जेवणाचे हाल नाहीत. आईचा गुडघा कसा आहे?

शवागारात सगळे दारूचा घोट घेऊनच कामाला लागतात. दोन महिने मी नाहीच म्हणालो. काल अपघातात गेलेली एक बाई आणली, तुझ्याच वयाची. तिला धुताना मी अर्ध्यातच थांबलो. जोडीदार म्हणाला, "घे रे, शुद्धीत होत नाही हे काम." मी घेतली.

ताई, बाबा गटारात उतरण्याआधी प्यायचे. मी त्यांना दारुडा म्हणालो, शेवटची तीन वर्षं त्यांच्याशी बोललोसुद्धा नाही. आत काय असतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता कुणाची माफी मागू?

आईला म्हणावं, मी अजून दारूला शिवलेलो नाही.

तुझाच,
धाकटा