अंशतः खोटी

पांढुर्णा, दि. १८ नोव्हेंबर १९८६

प्रिय मुकुंदास श्रीधरचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? सौंसरची थंडी त्यांना मानवत नाही. इकडे सर्व खुशाल आहेत, मीसुद्धा. (हे 'मीसुद्धा' नीट वाच. पांढुर्ण्यात ते कोणी मानायला तयार नाही.)

मागच्या मंगळवारी बोरगावच्या वामनरावांना कार्ड टाकलं. त्यांच्या दिलीपचं आणि आपल्या जयश्रीचं जमलंच आहे, तर २७ तारखेच्या गुरुवारी साखरपुड्याला या, एवढाच मजकूर. लिहिता लिहिता संत्रं खात होतो. दातात शीर अडकली, म्हणून कार्डाचा कोपरा फाडून तिची घडी केली आणि शीर काढली. कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. (मलाही आहे, पण दात ठणकत असताना आठवत नाही.) वामनरावांनी ते उंबऱ्याबाहेरच न वाचता फाडून टाकलं, पांढुर्ण्याचा शिक्का पाहून मीच गेलो असं धरलं आणि शहानिशा करायला पाटीवर माणूस धाडला.

पाटी तुला माहीत आहे. चौकात भगवंतराव रोज सकाळी गावातल्या अफवा लिहितात आणि पुढे खडूने 'खरी' नाहीतर 'खोटी'. दोन साक्षीदार मिळाले की बातमी खरी. इथे पहिला साक्षीदार कोण, तर बोरगावहून विचारायला आलेला तो माणूसच! दुसरा आमचा शेजारी उत्तम. त्याला विचारलं, गुरुजी कुठे? तो म्हणाला, 'गेले.' अरे, मी तिगावला गेलो होतो! पुढे एक प्रश्न विचारायला भगवंतरावांच्या जिभेला फोड आला होता का? शनिवारी पाटीवर झळकलं, 'श्रीधर गुरुजी गेले: खरी.'

मी पाटीखाली जाऊन उभा राहिलो. भगवंतराव म्हणाले, "सोताबद्दल सोताची साक्ष चालत नाही जी गुरुजी. नियम हाय." मग वच्छलाला नेलं. ती कपाळ दाखवून ओरडली, "मी कुंकू लावून राहिली न जी, दिसत नाही का तुमाले?" तर हा गृहस्थ माझ्याच कानाशी येऊन म्हणतो, "वहिनीले अजून कोणी सांगतलं नसन." माझ्या अंगाची लाही लाही झाली. तासभर आरडाओरडा केला, तेव्हा खडू उचलून 'खरी' पुसलं आणि लिहिलं, 'अंशतः खोटी.' अंशतः! माझा कोणता अंश गेला, तेही लिहा की मग!

बोरगावला गेलो. वामनरावांनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुमी चहा पिऊन राहिले, मले दिसते. पण भाऊबंद पाटी वाचते न जी. पाटी साफ होत नाही तवरी सुतक समजून वर्षभर थांबू." घरी येऊन जयश्रीला सांगितलं. नवी साडी घडी घालून तिने परत पेटीत ठेवली. ती पेटी बंद झाल्याचा आवाज ऐकल्यापासून मला ती पाटी दगडाने फोडावीशी वाटते आहे.

राग आवरत नाही, म्हणून इथेच थांबतो. थोरांना नमस्कार.

तुझा (संपूर्ण जिवंत)
श्रीधर

ता. क. पाटीवर नुसतं 'खोटी' लिहून घ्यायला नात्याबाहेरचे दोन साक्षीदार हवेत. तू पुढच्या बुधवारी, २६ तारखेला ये, म्हणजे एक झाला.

ता. क. २. पाटी लावायचा ठराव मीच मांडला होता. स्वतःची साक्ष चालणार नाही, हे कलमही माझंच. वच्छलापाशी बोलू नकोस.

ता. क. ३. दुसरा साक्षीदार रामाकोन्याच्या कवडूशिवाय नाही. इथे पाटीविरुद्ध तोंड उघडायला कोणी धजत नाही. आजवर उघडलं ते त्यानेच. गेल्या वर्षी पाटीवर आलं होतं, 'कवडूची संत्र्याची कलमं रोगट: खरी.' तो माझ्या दारात येऊन विनवत होता, "गुरुजी, एकडाव बगीच्यात येऊन आपल्या डोयानं पाहा न जी." मी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं आणि दार लावलं. त्याचं एक कलम विकलं गेलं नाही. आता त्याच्यासमोर जायची मला लाज वाटते, म्हणून तूच त्याला घेऊन ये. माझं नाव सांगू नकोस, नाहीतर म्हणेल, गुरुजी तर गेले, पाटीवर वाचलं.

नाही, नाव सांगच. आणि म्हणावं, आधी मी बगीच्यात येतो.