शाळेमागच्या मोकळ्या जागेचं काय करायचं

मी, शेख हाफिज वल्द शेख रहेमान, वय बावन्न, व्यवसाय क्रीडाशिक्षक, राहणार नागभीड, जिल्हा चंद्रपूर, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीचं तसं सांगता येत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम करता का?" मी म्हटलं, "करवून घेतो." हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली केलेलं नाही. दबाव आणणारे आहेत, पण एक सोडून बाकीच्यांना अजून पत्ता लागलेला नाही.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक शरियतप्रमाणे पत्नी सलीमा, मुलगा सैफ व मुलगी रुखसार यांच्यात वाटली जावी. तिथं माझी अक्कल चालत नाही, तेच बरं. वारसांबाहेर मला एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. खाली लिहिलेली जागा त्यात बसते, असं वकील म्हणतात.

२. माझी शिट्टी कोणाला देऊ नये. तिच्या इशाऱ्यावर पोरं पाहुण्यांची वाट बघत उन्हात उभी राहिली, काही भोवळ येऊन पडली, आणि त्याला शिस्त म्हटलं गेलं.

३. माझं प्रमाणपत्र निवृत्त मुख्याध्यापक गुणवंतराव यांना फ्रेमसकट द्यावं. कॉलेज हिंदी मुलखातलं, म्हणून त्यावर 'शारीरिक शिक्षा' छापलं आहे. हिंदीत त्याचा अर्थ शारीरिक शिक्षण. गुणवंतरावांनी ते मराठीत वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, "बरं झालं सर, आमच्याकडे मारणारा माणूसच नव्हता!" लगेच छडी मागवली. तेव्हापासून ज्याचा गृहपाठ राहिला, तो माझ्या ताब्यात. मी त्या पोरांना शाळेमागच्या जागेत कबड्डी खेळवली. थोड्याच दिवसांत निम्मा वर्ग गृहपाठ करेना. माझा खरा तास मात्र वर्षानुवर्षं गणिताला गेला.

४. ही मागची जागा म्हणजे अब्बांचा जळाऊ लाकडाचा टाल. टाल बंद पडला, जागा राहिली. पुढे संस्थेने शाळेच्या मैदानावर दुकानांचे गाळे काढले आणि पोरं कायमची इथं आली. ही जागा मी रंजीता लटारू नन्नावरे हिला देतो. तीही माझ्याकडे शिक्षेलाच आली होती. मान वर करत नसे. पहिल्यांदा आपटली तेव्हा उठून हसली, "सर, मले लागलंच नाई!" आता ती याच शाळेत खेळ शिकवते.

अभ्यासक्रमात शारीरिक शिक्षणाची उद्दिष्टं पानभर आहेत. मला समजलं ते एवढंच: आपलं अंग आपलं आहे हे पोराला कळावं, पडता यावं, आणि जिंकल्यावर समोरच्याला हात देऊन उठवता यावं. याचा पाया म्हणजे मोकळी जमीन. सर्वांगीण विकास व्हरांड्यात करता येत नाही.

५. जागेवर बांधकाम करू नये, विकू नये. माझं नाव तर मुळीच देऊ नये. ही अट टिकेल का, याची वकिलांना शंका आहे. मला रंजीताची नाही.

६. सैफविषयी. मोबाइलचं दुकान भाड्याच्या खोलीत चालवतो. मागच्या जुम्म्याला बोलला, "अब्बा, रस्त्याले लागून जागा हाय. चार गाळे निघतात. अन् तुमी ते पोराईले पडाले देऊन राह्यले?"

"तूही तिथंच खेळला ना बाबा."

"कुठी खेळलो? तुमी मास्तर होते. मी रेड टाकाले गेलो का पोट्टे बाजूले होत. मले कोनी पकडतच नव्हतं."

जागा रंजीताचीच. पण कायद्याने गरज नसताना मी खाली सैफसाठी जागा सोडली आहे. त्याला वाटेल ते त्याने लिहावं. मी खोडणार नाही.

ठिकाण: नागभीड
दिनांक: १७ डिसेंबर २००३

सही: शेख हाफिज

समक्ष सह्या करणारे:
इंदुताई गेडाम, शाळेतल्या शिपाई
पोचू कन्नाके, सायकल दुरुस्तीवाले

सैफचं म्हणणं, त्याच्या हातचं:
वाचलं. पटलं नाई. कोर्टात जानार नाई.
शेख सैफ