जिन्यावरची बादली

रविवार, १७ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचं मनगट सुधारतंय असं भावोजींकडून कळलं. बोटांचा व्यायाम ती करते, की तुलाच करायला लावते?

पाकीट बघून म्हणाली असशील, ठोंब्याला फोन करायला काय झालं! फोन हिच्या ताब्यात आहे. मी बटणांचा साधा वापरतो. त्यावर नुसतं बोलता येतं, आणि हे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

चष्म्याचं दुकान ठीक चाललंय. काल एक आजोबा म्हणाले, "असा नंबर द्या की सून दिसेल, पण तिचं बोलणं ऐकू येणार नाही."

मी दोन वर्षं फोनवर सामन्यांवर पैसे लावत होतो. ते कळल्यावर तू अबोला धरलास, बरोबरच केलंस. जानेवारीत मी मदतीच्या नंबरावर फोन केला. दोनदा लागताच ठेवून दिला. तिसऱ्यांदा पलीकडची बाई म्हणाली, "ठेवू नका. नाव नका सांगू, नुसते थांबा." थांबलो, आणि रडलो गं.

आता दर मंगळवारी समुपदेशक बाईंकडे जातो. गुरुवारी गट असतो. वाटलं होतं, तिथे सगळे पोचलेले जुगारी असतील. निघाले एक शाळामास्तर, एक नर्स आणि एक बसचालक. उशीर झाला की मास्तर सगळ्यांना झापतात. पैसे लावायच्या ॲपवर मीच अर्ज करून स्वतःला बंदी घालून घेतली. झोप उडाली होती, मन उदास असायचं, त्यासाठी डॉक्टरांची गोळी चालू आहे. मध्ये एकदा घसरलोही. बाईंनी हाकललं नाही, पुढच्या मंगळवारची वेळ दिली.

एवढं लिहिलं, पण खरं लिहायचं ते राहिलंच आहे. मध्ये उठून दोनदा चहा करून झाला.

आईचा गेल्या वर्षीचा चष्मा मीच केला होता. तिच्या दोन डोळ्यांच्या नंबरात किती फरक आहे तुला ठाऊक आहे. काचा बसवताना सामना शेवटच्या मिनिटांत आला होता आणि माझं लक्ष फोनवर. उजवी काच डावीकडे गेली, डावी उजवीकडे. फ्रेम गोल, त्यामुळे बसल्याही. एरवी मी चष्मा हातात हलवून, कोणत्या काचेतून किती हलतंय यावरून नंबर ताडल्याशिवाय देत नाही. त्या दिवशी तसाच दिला.

चार महिने आई तो घालून फिरली. "जरा गरगरतं, पण माझ्या लेकानं केलाय, होईल सवय," असं शेजारणीला सांगायची.

डिसेंबरात ती जिन्यावरून पडली. दवाखान्यात तिचा चष्मा पुसायला घेतला, सवयीनं हलवून बघितला आणि मला कळून चुकलं. दांडी वाकलीय म्हणून दुकानात नेला, काचा नीट केल्या, संध्याकाळी आणून दिला. तू बाकावर बसून भावोजींना म्हणत होतीस, "मी बादली तिथं ठेवायलाच नको होती." मी ऐकलं आणि गप्प राहिलो.

ताई, आई बादलीला अडखळली नाही. तू औषध आणायला गेलीस तेव्हा मला म्हणाली, "पायरी दिसली एकीकडे, पाय पडला भलतीकडे. ताईला सांगू नकोस, माझं जिना चढणं बंद करेल." तुझी बादली ती पडली त्याच्या दोन पायऱ्या खाली, भिंतीला लागून होती. आईला मी पाडलं.

तिला मी समोर बसून सांगणार आहे. पण आधी तुला सांगायला हवं होतं.

शनिवारी बाई घरच्यांनाही बोलावतात. ही येते. शेजारची खुर्ची रिकामी असते. तू यावंस असं फार वाटतं, पण माझ्यासाठी येऊ नकोस. घरच्यांचा वेगळा गटही आहे, तिथे मी नसतो. नंबर पाकिटाच्या आत लिहिलाय.

भावोजी म्हणाले, त्या दिवसापासून तू भरलेली बादली जिन्यात टेकवत नाहीस. दोन्ही मजले एका दमात चढतेस, हाताला घट्टे पडलेत.

टेकवत जा गं, ताई. दमलीस की टेकवत जा.

तुझा चुकलेला,
ठोंब्या