देवाकडे अडकलेली गाडी

३ नोव्हें., सोम.
कणकवलीच्या डॉक्टरने शेवटी तोंड उघडलं. मणका बरा आहे, गाडी चालवा, दर दोन-तीन तासांनी उतरून पाय मोकळे करा. लायसनचं काम आधीच झालंय.
ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं घरात. दोन वर्षं मी आमच्याच होमस्टेचा बिनपगारी गडी. काका गरम पाणी, काका वायफाय, काका मासे ताजे आहेत ना. मासे ताजे आहेत ना म्हणे. अरे, मालवणची मासळी उजाडायच्या आत कोल्हापूरला पोचवत होतो मी, तेव्हा तू शाळेत डबा खात होतास.
सुनंदाला सांगितलं, उद्या मासळीच्या शेठकडे जातो, गाडी परत मागतो. ती कोकमाच्या सोलांना ऊन दाखवत होती. "बरा," म्हणाली. एवढंच. दोन वर्षांनी नवरा कामाला लागतोय आणि बरा.

४ नोव्हें., मंगळ.
शेठ बंदरावरच भेटला. पाठीवर थाप मारली, चहा पाजला. "तू येवक होयोच रे मोहन. पण माजी पद्धत तुका म्हायत आसा."
माहीत आहे. गावच्या देवाचा कौल झाल्याशिवाय शेठ कोणाच्या हातात चावी देत नाही. पहिल्यांदा लागलो तेव्हाही घेतला होता. तेव्हा उजवी पाकळी, म्हणजे देवाचा होकार, अशी पटकन पडली की गुरवसुद्धा हसला.
माझी गाडी सध्या एक साताऱ्याचा पोरगा चालवतो. आत डोकावलो. सीटला केसाळ कव्हर, काचेवर वाघाचे डोळे. सीट पार मागे सरकवलेली, म्हणजे साहेब झोपून चालवतात. खूप राग आला. त्याचा दोष नाही, तरी आला.

६ नोव्हें., गुरु.
कौल झाला नाही.
डावा, म्हणजे नकार झाला असता तर समजलो असतो. गुरवाने देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आम्ही उभे. दोन्ही तशाच. परत पाणी मारलं, परत लावल्या. हलेनात. मंडळी आधी उभी होती, मग बसली, मग आपापल्या घरच्या गोष्टी बोलायला लागली. शेठ दोनदा फोन घ्यायला बाहेर गेला.
शेवटी बाबीकाका, म्हणजे आमचे मानकरी, म्हणाले, "देव होय म्हणना नाय, नको म्हणना नाय. खंयतरी शब्द अडाकलो आसा. घरात इचार."
डॉक्टर हो म्हणतो, सरकार हो म्हणतं. देवाला काय झालं?

७ नोव्हें., शुक्र.
विचारलं घरात.
सुनंदा पाहुण्यांसाठी घावणे काढत होती. मी म्हटलं, बाबीकाका असं असं म्हणतात. ती घावणा उलटायचं विसरली. सु. घावणा जाळत नाही कधी, तेव्हाच कळायला हवं होतं.
"माजोच शब्द आसा तो," म्हणाली.
माझं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाय परत येतील याची खात्री नाही. ही दवाखान्यातून एक दिवस गावी आली, ती कपडे न्यायला असं मला सांगून. देवळात गेली. देवाला म्हणाली, घोवाक पायार उबो कर, मी हेका परत गाडीर बसवचंय नाय.
माझ्या पायांच्या बदल्यात माझी गाडी. मी आधी हसलोच. मग घावण्यांचं पीठ अख्खं टोपासकट अंगणात फेकलं. पुण्याचे पाहुणे पडवीत बसले होते. मोबाइलमध्ये माना घालून सगळं ऐकत होते. ऐका. नाश्त्यात तेवढंच मिळेल आज.

८ नोव्हें., शनि.
बोलत नाही आम्ही.
नवस बोलायला हिला माझंच काम सापडलं? देवाला सांगायचं, मी मासे सोडते. बांगड्याशिवाय हिला भात उतरत नाही, ते सोडायचं. कोंबडा द्यायचा, नारळांचं तोरण बांधायचं. सगळ्या गावाच्या बायका बोलतात तसं बोलायचं. दुसऱ्याच्या हातातलं काम उचलून देवाला देऊन आली, आणि वर दोन वर्षं तोंडातून ब्र नाही. मी रोज व्यायाम करायचो तेव्हा चटई हीच घालायची. कशासाठी करतोय ते माहीत असून.
दवाखान्यात माझ्या खाटेखाली जमिनीवर झोपली होती, कबूल. ते विसरलो नाही. पण म्हणून?

१० नोव्हें., सोम.
बाबीकाकांकडे गेलो. म्हटलं, मोडा हा नवस, लागेल तो दंड देतो. ते म्हणाले तसं होत नाही. "जो बोललो, तेनाच सोडवूक होयो. देवासमोर उबा रवान, आपल्या तोंडान."
म्हणजे परत हिच्याच दारात.
शेठचा निरोप, रविवारपर्यंत थांबतो. नंतर साताऱ्याचा कायमचा. शेठचंही बरोबर आहे, मासळी काय माझ्यासाठी बर्फात बसून राहणार आहे?
रात्री जेवताना विचारलं. चांगल्या शब्दांत विचारलं.
"नाय," म्हणाली. "देवान आपलो शब्द पाळल्यान. मी तेका फसवूचंय नाय."

१२ नोव्हें., बुध.
आज नको ते बोललो. म्हटलं, त्यापेक्षा पाय गेले असते तरी चाललं असतं, निदान कशाला बसलोय ते तरी कळलं असतं.
ती भांडली नाही. लुगड्यांची घडी घालत म्हणाली, "त्या खाटेर तुमका मी बघलंय. तुमी नाय बघलास."
बाहेर आलो, सगळं माडांचं आगर झाडून काढलं. झावळ्या ओढून ओढून एका कोपऱ्यात फेकल्या. पाठ जराही दुखली नाही. तिला दिसावं म्हणून मुद्दाम खिडकीसमोर झाडलं. बघितलं की नाही माहीत नाही.

१३ नोव्हें., गुरु.
कणकवलीत जुना दोस्त भेटला. बांधकामाच्या चिऱ्याच्या गाड्या आहेत त्याच्या. म्हणाला, "माज्याकडे कौल नको नि गाऱ्हाणा नको. फाल्या ये, चावी घे."
उद्या नको, विचार करतो म्हटलं आणि एसटीत बसलो. आचऱ्यापर्यंत स्वतःला शिव्या घालत आलो. देवावर राग आहे, बायकोवर तर आहेच. पण देवळातला शब्द तसाच ठेवून घाटात गाडी घालायची छाती नाही माझी. मग हिला कोणत्या तोंडाने बोलतो मी?
बोलणारच. हिने नवस बोलायलाच नको होता.

१५ नोव्हें., शनि.
सकाळी सु. चहा घेऊन आली. कप खाली ठेवला, जाईना.
"फाल्या देवळात जावया. बाबीकाकांक सांगान ठेवा."
म्हटलं, आता काय झालं?
"तुमी झोपेत गियर टाकतास. हात माज्या खांद्यार पडता." मग जाताना, "दोन वर्सा टाकतास."
चहा गार झाला.
शेठला फोन केला. उद्या देवळात या म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.
देऊळ. शेठ, गुरव, बाबीकाका, गावातली दहा-बारा माणसं.
आमच्याकडे एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि वाक्य संपलं की बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. चालायला लागल्यापासून म्हणतोय. त्यासाठी डोकं लागत नाही, जीभच म्हणते.
बाबीकाका म्हणाले, मी घालतो गाऱ्हाणं, तू नुसती हात जोड. सु. म्हणाली, "नको. मी सांगतंय." बाईमाणसाने घालायची पद्धत नाही. पण कोणी अडवलं नाही.
तिने हात जोडले. मग, "बा देवा म्हाराजा, दोन वर्सामागे मी तुका शब्द दिलंय."
व्हय म्हाराजा.
"तू माज्या घोवाक उबो केलंस."
व्हय म्हाराजा.
"आज तो शब्द मी मागे घेतंय. हेनी काय सांगाक नाय, माज्या मनान घेतंय."
व्हय म्हाराजा. मी नुसता पाकळ्यांकडे बघत होतो. आता पडतात की नाही, एवढंच डोक्यात.
"हेका गाडीर काय बरावायट झाला, तर दोष हेका नाय, शेटाक नाय. तो माजो. माज्या पदरात घाल."
व्हय म्हाराजा.
माझाच आवाज पहिला होता. सगळ्यांत मोठा. बाकीचे माझ्यामागून म्हणाले. सु.ने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि परत देवाकडे केली.
गुरवाने पाकळ्या लावल्या. उजवी पडली. शेठने तिथेच चावी दिली, सगळ्यांनी पाठ थोपटली.
घरी येताना ती पुढे, मी मागे. मी म्हटलं, सु., माझ्या तोंडातून सवयीने गेलं.
"म्हायत आसा माका," म्हणाली. मागे न बघता.
चावी खिशात आहे. आज मध्यरात्री बर्फ भरायचा, मग कोल्हापूर. आत ती माझा डबा भरतेय, नेहमीसारखी भांडी आपटत नाही. तिने तिचा शब्द तरी मागे घेतला. मी माझा तो व्हय म्हाराजा कसा मागे घेऊ, ते बाबीकाकांना विचारायला दोनदा उठलो, आणि दोन्ही वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो. शब्द मागे घेतला तर चावीपण परत द्यावी लागेल का?