सर्वानुमते नाही

११ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी केंद्रात लेले डॉक्टरांनी बोलावून पत्र हातात दिलं. टीबीच्या पेशंटना घरी जाऊन भेटायचं आमचं काम ज्या अमेरिकन मदतीवर चालतं, ती बंद. बारा वर्षं या कामात काढली आणि कळवायला दोन परिच्छेद पुरले. डॉक्टर म्हणाले, आपल्या हातात काय आहे सुनंदाताई. संस्थेचे अध्यक्ष ते, आणि हे मला विचारतात.

दुपारी धायरीला वैशालीकडे. मूळची यवतमाळकडची, इथे पॅकिंगच्या कामाला होती. साध्या औषधांना न जुमानणारा टीबी, अजून सात महिने गोळ्या. खाल्ल्या की मळमळतं, म्हणून समोर बसून घ्यायला लावते. पत्राचं बोलले नाही. पण माझा चेहरा मेला कधी गप्प बसलाय. तिनेच खोदून काढलं आणि म्हणाली, "तुमी नाई आल्या तं मी गोया सोडून देईन मॅडम. आत्ताच सांगून ठेवतो."

१३ फेब्रु., गुरु.
अमेरिकेहून लेकाचा, केदारचा फोन. पत्राचं सांगितलं. वाईट झालं म्हणाला, आणि लगेच तिकडच्या हवापाण्यावर आला. मी विचारलं, तुझ्या भागाचा तिकडचा खासदार कोण? नाव पाठवलं त्याने. त्यांच्याकडे प्रत्येकाने कशाला काय मत दिलं ते नावानिशी उघडं ठेवतात. चष्मा लावून बसले. परदेशातल्या औषधपाण्याला मदत द्यायची का, एवढंच शोधलं. डायरीच्या मागच्या पानावर उतरवलं:
हो. हो. हो. गैरहजर. हो. यंदा: नाही.
मध्ये एकदा टीबीवर उभं राहून छान बोललेतसुद्धा. फोटोत लाल टाय. आजपासून नाव लाल टायवाले.

१६ फेब्रु., रवि.
केदारला सरळ विचारलं, तू मत कोणाला दिलंस? म्हणाला, "आई, मतदान गुप्त असतं." म्हटलं, तुझं असतं, त्यांचं नाही. मग त्याला एकदम मीटिंग आठवली. तिकडे शनिवारची रात्र. चालू दे.

२० फेब्रु., गुरु.
कार्यकारिणीची नोटीस आली. शनिवारी सभा, विषय एकच: गृहभेटी थांबवणे. मी कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी, मलाही मत आहे.

लाल टायवाल्यांसारखा आमच्या मंडळींचाही हिशेब मांडावा म्हणून जुन्या सभांची वही मागून घेतली. मोठ्या उत्साहाने उघडली. नऊ वर्षांत एकच वाक्य. ठराव सर्वानुमते मंजूर. स्वारगेटची आमची संध्याकाळची औषधांची खिडकी बंद केली तेव्हा मी किती चिडले होते! कामावरून सुटलेले पेशंट यायचे तिथे. जिन्यात चपला घालताना सगळ्यांना ऐकवलं होतं. वहीत मात्र सर्वानुमते. खाली माझी सही, वळणदार.

लाज वाटली. त्या लाल टायवाल्याने निदान स्वतःच्या नावापुढे 'नाही' लिहू दिलं. माझं 'नाही' जिन्यातच राहिलं.

२२ फेब्रु., शनि.
सभा. डॉक्टरांनी ठराव वाचला आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, सर्वांची संमती आहे असं धरतो. मी म्हटलं, धरू नका. नावं लिहा. कोण बाजूने, कोण विरोधात.

कुलकर्णी म्हणाले, अहो आपण घरची माणसं, आपल्यात नावं कसली? म्हटलं, घरात भांडताना नावंच घेतो की आपण. वही ओढली आणि लिहिलं, विरोधात: सुनंदा साठे. अक्षर तेच, वळणदार.

मग गंमत. बाजूने पहिलं नाव कोणाचं? कोणी वहीला हात लावेना. कुलकर्णी म्हणाले, मला गैरहजर दाखवा. हातात अर्धा बटाटावडा! डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही आम्हाला खलनायक ठरवताय." मी म्हटलं, "मी काहीच ठरवत नाही डॉक्टर. तुमचं जे मत आहे ते तुमच्या नावाने लिहा." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थांबले, परत लावलं. विषय पुढच्या सभेत. तोवर गृहभेटी चालू, गाडी मिळणार नाही.

येताना मंडईत शिरले. मटारच्या भावावरून हुज्जत घातली. बरं वाटलं.

२५ फेब्रु., मंगळ.
स्वारगेटहून बसने धायरी. वैशालीला सगळं खरं सांगितलं. लाल टायवाल्यांचंही. तिने गोळ्या घेतल्या, पाणी प्यायली. मग म्हणाली, "त्या मानसाले माह्यं नाव मालूम हाये का?" म्हटलं, नाही गं. "मंग सांगा ना."

पुन्हा विचारून घेतलं, नक्की सांगू? मान हलवली. घरी आल्यावर केदारला लिहिलं. वैशाली, वय सव्वीस, सात महिने गोळ्या बाकी. बाकी काही नाही लिहिलं.
दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलंय त्याने.

१ मार्च, शनि.
केदार गप्प. मीही गप्प. मी त्याची आई आहे, मला जास्त जमतं.
पुढची सभा मंगळवारी चारला. कुलकर्ण्यांचा फोन, तुमचं नाव काढून घेता का, म्हणजे प्रश्नच मिटेल. म्हटलं, शाईचं आहे.

४ मार्च, मंगळ.
सकाळी चहा ठेवला आणि मोबाइल वाजला. केदारने फोटो पाठवलाय. एक हॉल, खुर्च्या, स्टेजवर लाल टायवाले. आज टाय निळा. लोकांचे प्रश्न घेतायत म्हणे. केदारच्या हातात चिठ्ठी, सतरा नंबर.

खाली लिहिलंय, "आई, मी यालाच मत दिलं होतं."

चहा उतू गेला. रडू आलं, रागही आला, दोन्ही एकदम. पोरगं आजवर माझ्याशी खोटं बोललं नव्हतं, आणि खरंही. मग दुसरा मेसेज, "काय विचारू?"

लिहिलं, आधी स्वतःचं नाव सांग. मग मत कोणाला दिलंस ते सांग. मग वैशालीचं नाव. मग विचार, यंदाच 'नाही' का?

आत्ता अकरावा नंबर चालू आहे म्हणतो. मला थांबता येत नाही, नऊची बस गाठायची आहे, वैशालीच्या गोळ्या आज सकाळीच. चारला सभा. पर्समध्ये पेन टाकलंय. दोन टाकलीत, डॉक्टरांचं चाललं नाही तर.